खाऱ्या पाण्याच्या टाकीतील बुडबुडे : निदान आणि उपाय



समुद्रातील मासे कोरड्या जमिनीवर उभे राहून काचेपलीकडे पाहण्याचा आनंद महाराष्ट्रातील शाळकरी मुलांच्या कितीतरी पिढ्यांना मिळाला तो मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे. रत्नागिरीजवळ झाडगाव येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या मत्स्यालयानेही कोकणात हेच काम केले. पुढे खाऱ्या पाण्याची लहान टाकी महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत आली, हॉटेलांच्या दर्शनी भागात आली आणि हौशी मंडळींच्या दिवाणखान्यातही आली. या सर्व टाक्यांच्या सांभाळात एक अडचण केव्हा ना केव्हा येतेच. पाणी निवळलेले असते, मासे रुळलेले असतात. आणि एके दिवशी सकाळी पाहावे तो साऱ्या टाकीत पिठाची धूळ उडाल्यासारखे काहीतरी तरंगत असते. बारकाईने पाहिल्यावर कळते की ही धूळ नव्हे, हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे आहेत. परतीच्या पंपाच्या तोंडातून ते अखंड येत असतात.

हा प्रश्न वरवर पाहता शोभेचा वाटतो. परंतु ज्या वाटेने ही हवा पाण्यात शिरते, त्याच वाटेने मोठ्या टाक्यांत आणि मत्स्यबीज केंद्रांत एका रात्रीत सारे पीक हातचे जाऊ शकते. म्हणून या बुडबुड्यांचा माग काढण्याची रीत शिक्षकांनी, मत्स्यव्यवसायाशी संबंधित अधिकाऱ्यांनी आणि किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींच्या सदस्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

खाऱ्याच पाण्यात का?

गोड्या पाण्याच्या टाकीत हवेची नळी सोडली तर टपोरे बुडबुडे भराभर वर जातात आणि फुटतात. तीच नळी समुद्राच्या पाण्यात सोडली तर बारीक बुडबुड्यांचा पांढुरका ढग तयार होतो. याचे कारण मीठ. गोड्या पाण्यात दोन बुडबुडे एकमेकांवर आदळले की त्यांच्यामधला पाण्याचा पातळ पडदा फाटतो आणि दोहोंचा एक मोठा बुडबुडा होतो. पाण्यात पुरेसे मीठ असेल तर हे मीलन होत नाही. लहान बुडबुडे लहानच राहतात. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मीलन रोखण्यास याहून पुष्कळ कमी क्षारही पुरतात. लाट फुटल्यावर किनाऱ्याशी पाणी दुधासारखे दिसते आणि नदीच्या धबधब्याखालचे पाणी मात्र थोड्याच अंतरावर स्वच्छ होते, यामागे हेही एक कारण आहे.

शाळेत हा प्रयोग बिनखर्चाचा आहे. दोन सारख्या पारदर्शक बाटल्या अर्ध्या भराव्यात. एकीत साधे पाणी, दुसरीत लिटरला ३५ ग्रॅम मीठ विरघळवून निवळलेले पाणी. दोन्ही एकदम जोराने हलवून टेबलावर ठेवाव्यात. मिठाच्या पाण्याची बाटली अधिक वेळ गढूळ दिसते. मुले हे एकदा पाहिले की विसरत नाहीत.

बुडबुडा जितका लहान तितका त्याचा वर चढण्याचा वेग कमी, आणि हा वेग आकाराच्या प्रमाणात नव्हे तर त्याहून झपाट्याने घटतो. एक दशांश मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा स्थिर पाण्यात सेकंदाला जेमतेम पाच मिलिमीटर चढतो. व्यास निम्मा झाला की वेग एक चतुर्थांश होतो. म्हणजे ३० सेंटिमीटर पाणी चढून जाण्यास पहिल्याला सुमारे एक मिनिट लागेल, तर दुसऱ्याला चार मिनिटांच्या आसपास. टाकीतील पाणी तर स्थिर नसतेच. पंप ते सतत फिरवीत असतो. त्यामुळे असा बुडबुडा वर पोहोचण्याआधीच प्रवाहाबरोबर पुन्हा खाली ओढला जातो. एकदा तयार झालेला सूक्ष्म बुडबुडा टाकीतून काढणे म्हणूनच दुरापास्त. जेथे हवा पाण्यात शिरते ती जागा शोधणे हाच खरा उपाय होय.

वुड्स होलचा धडा

या विषयातील सर्वांत बोधप्रद प्रकरण अमेरिकेतील आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यात समुद्रकाठी वुड्स होल नावाचे गाव आहे. तेथील सरकारी मत्स्यकेंद्रात समुद्राचे पाणी पंपाने चढवून मत्स्यालयाच्या टाक्यांत सोडले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील माशांना एक चमत्कारिक व्याधी दिसू लागली. परांच्या पातळ पडद्यात, कातडीखाली आणि डोळ्यांत हवेचे बुडबुडे. काही माशांचे डोळे खोबणीतून बाहेर आलेले. आणि शेवटी मृत्यू. बाहेरच्या समुद्रात तेच मासे धडधाकट होते.

गोरहॅम नावाच्या संशोधकाने १८९९ साली या व्याधीचा संबंध पाण्याच्या कमी दाबाशी जोडला. समुद्रात खोलवर राहणारा मासा उथळ टाकीत आणला की त्याच्यावरील दाब घटतो आणि अंगातील वायू सुटा होतो, अशी ती उपपत्ती. ती तर्कशुद्ध होती. तिला जुना आधारही होता. रॉबर्ट बॉईल याने निर्वात पंपाखाली ठेवलेल्या सापाच्या डोळ्यात बुडबुडा फिरताना पाहिल्याचे १६७० सालीच नमूद केले होते. तरीही वुड्स होलचे उत्तर अपुरे होते. पुढे मार्श आणि गोरहॅम या दोघांनी मिळून शोध चालू ठेवला आणि १९०५ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. दोष माशांत नव्हता, रोगजंतूंतही नव्हता. तो नळात होता. पंपाकडे पाणी ओढून आणणाऱ्या नळाला गळती होती. त्या गळतीतून हवा आत ओढली जाई, पंपाच्या दाबाखाली ती पाण्यात विरघळे आणि असे वाजवीपेक्षा अधिक हवा पचवलेले पाणी टाक्यांत येई. या हवेतील नायट्रोजन हाच मुख्य अपराधी असल्याचे त्यांनी दाखवून दिले. प्राणवायू माशाच्या शरीरात वापरला जातो. नायट्रोजनचा काहीच उपयोग नसल्याने तो साठून राहतो आणि रक्तवाहिन्यांत बुडबुड्याच्या रूपाने प्रकट होतो.

या प्रकरणात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, अशा नळाची गळती डोळ्यांना दिसत नाही. पंपाच्या पुढचा नळ फुटला तर पाणी बाहेर उडते, जमीन ओली होते, कोणीतरी ओरडते. पंपाच्या मागचा, म्हणजे ओढीचा नळ सैल झाला तर एक थेंबही बाहेर येत नाही. उलट हवा आत जाते. सांधा कोरडा ठणठणीत असतो आणि तपासणाऱ्याचे समाधान होते. विहिरीवरील पंप चालवणाऱ्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगावे लागत नाही. ‘पंप हवा धरतोय’ असे म्हणत तो सरळ फूट व्हॉल्व्ह आणि ओढीच्या नळाचे सांधे पाहू लागतो. दिवाणखान्यातील टाकीपुढे बसलेला सुशिक्षित गृहस्थ मात्र बाजारातून नवी गाळणी आणतो.

माग कसा काढावा?

अशा टाकीची रचना सामान्यतः ठरीव असते. वरच्या टाकीतील पाणी एका कोपऱ्यातून ओसंडून नळावाटे खालच्या टाकीत उतरते. खालच्या टाकीचे काचेच्या आडभिंतींनी कप्पे केलेले असतात. पहिल्या कप्प्यांत गाळणी आणि फेस काढणारे स्किमर हे यंत्र. शेवटच्या कप्प्यात परतीचा पंप. तो पाणी पुन्हा वर चढवतो. या फेऱ्यात हवा शिरण्याच्या जागा मोजक्याच आहेत आणि त्या एकामागून एक तपासता येतात. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार उपाय एकदम केले आणि बुडबुडे थांबले तर कशाने थांबले हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या खेपेस सारे पहिल्यापासून करावे लागते.

प्रथम पाहावे ते पंपाच्या कप्प्यातील पाण्याची पातळी. पातळी खाली गेली की पंपाच्या तोंडावर भोवरा तयार होतो आणि त्या भोवऱ्याच्या नळीतून हवा थेट पंपात जाते. पंपाचे फिरते पाते त्या हवेचा चुरा करते. पुष्कळ टाक्यांचे दुखणे एवढ्यावरच संपते. येथे एक बारीक गोष्ट आहे. बाष्पीभवन साऱ्या टाकीतून होते, परंतु वरच्या टाकीची पातळी ओसंडण्याच्या काठाने आणि खालच्या कप्प्यांची पातळी आडभिंतींनी बांधलेली असते. सारी घट दिसते ती एकट्या शेवटच्या कप्प्यात. समजा, वरची टाकी १२० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद आहे आणि पंपाचा कप्पा लांबीरुंदीने ३० सेंटिमीटर आहे. वरच्या पृष्ठभागाचे क्षेत्र कप्प्याच्या सहापट झाले. वर पाच मिलिमीटर पाणी उडाले की कप्प्यात तीन सेंटिमीटर घट होणार. शनिवारी दुपारी प्रयोगशाळा बंद झाली आणि सोमवारी उघडली, एवढ्या अवधीत वैशाखात भोवरा सुरू होण्यास हे पुरते. ‘सुट्टीनंतरच बुडबुडे येतात’ या कोड्याचा उलगडा येथे होतो. कप्प्याच्या काचेवर पातळीची एक खूण करून ठेवावी आणि रोज त्या खुणेपर्यंत पाणी भरावे. हे पाणी गोडे असावे, कारण उडून जाते ते केवळ पाणी. मीठ मागेच राहते. घट भरून काढण्यास खारे पाणी घालणारा माणूस टाकी हळूहळू मिठागरासारखी करीत असतो.

पातळी ठीक असेल तर स्किमरकडे वळावे. हे यंत्र मुळातच पाण्यात बारीक हवा घुसळून घाण फेसावर आणण्यासाठी असते. त्यातून काही बुडबुडे निसटणे स्वाभाविक आहे. ते तास-दोन तास बंद ठेवून पाहावे. टाकी निवळली तर कारण सापडले. नवे यंत्र पहिले काही दिवस असे करतेच, त्यासाठी धीर धरावा. जुने करू लागले तर त्याचे बाहेर पडणारे पाणी आणि पंपाचा कप्पा यांच्यामधील अंतर व आडभिंती अपुऱ्या आहेत असे समजावे. पाण्याला एका भिंतीवरून, दुसरीच्या खालून आणि पुन्हा तिसरीवरून जावयास लावले, तर वर चढणाऱ्या बुडबुड्यांना सुटण्यास अवसर मिळतो. या भिंतींमधील फट मात्र ऐसपैस ठेवावी. अरुंद फटीतून पाणी वेगाने धावते आणि बुडबुड्यांनाही ओढून नेते.

उतरत्या नळाचे तोंड पाण्याच्या वर असेल तर पडणाऱ्या धारेबरोबर हवा खाली जाते. ते तोंड पाण्यात थोडेसे बुडवावे किंवा धार गाळणीच्या कापडी पिशवीत सोडावी. पिशवी दर दोन-चार दिवसांनी धुवावी लागते. न धुतल्यास ती तुंबते आणि दुसरीच अडचण उभी राहते.

एवढे करूनही बुडबुडे येत असतील आणि पंप पाण्याबाहेर बसवलेला असेल, तर वुड्स होलचा धडा आठवावा. ओढीच्या बाजूचा प्रत्येक सांधा, रबरी कडी आणि पंपाच्या दांड्याची सील संशयित मानावी. पंप चालू असताना एकेका सांध्याभोवती ओले कापड घट्ट गुंडाळावे किंवा व्हॅसलिनचा जाड थर द्यावा. ज्या सांध्यापाशी असे केल्यावर बुडबुडे थांबतात तो दोषी. पंप पूर्ण पाण्यात बुडालेला असेल तर ओढीतून हवा येण्याचा प्रश्न बहुतांशी उरत नाही. तेथे पातळी, स्किमर आणि आडभिंती यांकडेच परत यावे.

ओढीच्या बाजूस आणखी एक चूक वारंवार होते. प्रवाह कमी करण्यासाठी त्या बाजूची तोटी अर्धी बंद करतात, किंवा बुडबुडे अडवण्यासाठी पंपाच्या तोंडाशी स्पंज बांधतात. स्पंज पहिले दोन दिवस फार गुणकारी वाटतो. नंतर तो मळतो, पंपाला पाणी मिळेनासे होते, ओढीच्या नळात दाब घटतो आणि पाण्यात विरघळलेली हवाच सुटी होऊन बाहेर पडते. हे मुलांना दाखवावयाचे तर सुई काढलेल्या इंजेक्शनच्या पिचकारीत थोडे ताजे पाणी घ्यावे, टोक बोटाने बंद करून दांडा मागे ओढावा. पाण्यात बुडबुडे उगवताना दिसतात. प्रवाह आवरावयाचा असेल तर तोटी पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूस बसवावी.

सगळेच बुडबुडे पंपाचे नसतात, हेही सांगितले पाहिजे. दुपारी भर उजेडात शेवाळावर मोत्यांसारखे चिकटलेले बुडबुडे शेवाळाने तयार केलेल्या प्राणवायूचे असतात. रात्री ते नाहीसे होतात. पाणी बदलल्यानंतर काचेला चिकटणारे बुडबुडे थंड पाणी टाकीत तापल्यामुळे सुटलेल्या हवेचे असतात आणि दिवसभरात जातात. यांच्या मागे लागू नये.

या साऱ्या तपासणीत हात पाण्यात घालण्यापूर्वी विजेचे बटण बंद करावयाचे. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. सूक्ष्म बुडबुडे पृष्ठभागावर फुटताना खाऱ्या पाण्याचे तुषार उडवतात. ते दिव्यावर, वायरवर आणि प्लगवर सुकून मिठाचा पापुद्रा धरतो. टाकीला गळतीरोधक स्विच असावा आणि प्रत्येक वायर प्लगकडे जाण्यापूर्वी खाली झोळ घेऊन वर गेलेली असावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळातून खाली ठिबकेल, प्लगमध्ये जाणार नाही. शाळांमध्ये याबाबत हयगय मुळीच परवडणारी नाही.

न दिसणारी हवा

घरगुती उघड्या टाकीत पंपाचा दाब थोडा असतो. तेथील बुडबुड्यांनी दृश्य बिघडते, स्पंजवर्गीय प्राण्यांच्या छिद्रांत हवा अडकून ते खराब होतात, पण मासे सहसा मरत नाहीत. मोठ्या पंपाच्या आणि लांब नळांच्या ठिकाणी मात्र गणित बदलते. तेथे ओढीतून शिरलेली हवा दाबाखाली विरघळून जाते आणि टाकीत येणारे पाणी नितळ दिसते. डोळ्यांना दिसणारा बुडबुडा त्रासदायक खरा, पण घातक ठरते ती न दिसणारी, विरघळलेली अतिरिक्त हवा. कोळंबीच्या वा माशांच्या बीज केंद्रात पिले अंगात बुडबुडे धरून पृष्ठभागावर तरंगू लागतात. डोळे बाहेर आलेला मासा पाहून रोगाचे निदान केले जाते आणि टाकीत औषध ओतले जाते. औषधाने नळाचा सांधा बुजत नाही.

हवेच्या अतिरेकाने नदीदेखील सुटलेली नाही. अमेरिकेतील कोलंबिया नदीवरील जॉन डे धरण १९६८ साली पाणी अडवू लागले तेव्हा तेथील जनित्रे पुरेशी सुरू झालेली नव्हती. नदीचे पाणी सांडव्यावरून खालच्या खोल डोहात कोसळे आणि हवेला घेऊन तळाशी जाई. तेथील दाबाने ती हवा विरघळे. खालच्या पात्रात सामन मासे मोठ्या प्रमाणावर मेले. त्यानंतर अमेरिकेत पाण्यातील एकूण वायूंची मर्यादा संपृक्ततेच्या ११० टक्के ठरवण्यात आली आणि धरणांच्या सांडव्यांना असे ओठ बसवण्यात आले की पाणी डोहाच्या तळाशी न जाता पृष्ठभागालगत पसरावे.

मर्यादेच्या या आकड्यामागे साधा हिशेब आहे. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. म्हणजे एक मीटर खोलीवर सुमारे दहा टक्के. पाण्यात ११० टक्के हवा असेल आणि मासा एक मीटर खोल असेल तर त्याच्या अंगात बुडबुडा धरत नाही. समुद्रातील वा नदीतील मासा खाली जाऊन स्वतःचा बचाव करू शकतो. अर्धा मीटर पाण्याच्या टाकीतील पिलांना खाली जाण्यास जागाच नसते.

बीज केंद्रात यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. पंपाचे पाणी नळाने थेट टाकीच्या तळाशी सोडू नये. ते टाकीच्या वर उंचावर आणून भोके पाडलेल्या ताटांच्या उतरंडीवरून किंवा प्लॅस्टिकच्या कड्या भरलेल्या उभ्या, उघड्या नळकांड्यातून खाली ठिबकू द्यावे. पातळ धारांनी उघड्या हवेत पडताना पाण्यातील जादा वायू निघून जातो. नेमके मोजमाप करावयाचे तर विरघळलेल्या वायूंचा एकूण दाब मोजणारे उपकरण लागते. ते नसेल तेथे पंप बंद करून, टाकीचे विजेचे बटण बंद केल्यावर कोरडा हात कोपरापर्यंत पाण्यात धरावा आणि मिनिटभर स्थिर ठेवावा. हातावरील केसांना बारीक बुडबुडे भराभर चिकटू लागले तर पाण्यात हवा जादा आहे असा संशय धरावा, पिलांच्या टाकीत येणारे पाणी उतरंडीवरून वळवावे, आणि त्याच दिवशी पंपाच्या ओढीच्या नळावर विहिरीपासून किंवा खाडीपासून पंपापर्यंत सांध्यासांध्याने हात फिरवावयास माणूस पाठवावा.